भूल उतरताना मूल आईला ओळखत नाही तेव्हा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतर आईवडिलांनाही संदर्भ लागेल. तुमच्या ४ वर्षांच्या मुलाचं टॉन्सिल आणि ॲडेनॉइडचं ऑपरेशन झालं. तुम्हाला रिकव्हरीत बोलावलं तेव्हा तो किंचाळत होता, अंग ताणून लाथा झाडत होता. डोळे टक्क उघडे, पण नजर तुमच्यावर ठरत नव्हती. "अरे मी आई" म्हणत जवळ घेतलंत, तर त्याने तुम्हालाच ढकललं आणि सलाईनची सुई उपटली. वीसेक मिनिटांनी तो तसाच झोपला आणि तासाभराने उठून आईस्क्रीम मागू लागला. तिथल्या एक बाई म्हणाल्या, "फार लाडावलाय." सासूबाई म्हणाल्या, "भूल जास्त झाली." आता दोन महिन्यांनी त्याच्या कानाच्या पडद्यात ग्रोमेट, म्हणजे एक बारीकशी नळी, बसवायचं आहे. डोक्यावर काही परिणाम तर झाला नाही ना, आणि पुन्हा असंच होईल का, असं तुम्ही विचारलंय.

मी २६ वर्षं लहान मुलांना भूल देते आहे. तुमच्या वर्णनावरून सांगते: मेंदूला इजा झालेली नाही, भूल जास्त झाली होती असा याचा अर्थ होत नाही, आणि तुम्ही मुलाला कसं वाढवलंत याच्याशी तर याचा काडीचाही संबंध नाही. लाडावल्याचं बोलणं मनातून काढून टाका. ते तुम्हाला कुणी बोलायला नको होतं.

याला आम्ही इमर्जन्स डेलिरियम म्हणतो. मराठीत याला रूढ शब्द नाही. पण तापात बरळणाऱ्या माणसाबद्दल जुनी माणसं ‘वात झालाय’ म्हणायची, ते याच्या बरंच जवळ जातं. रात्री झोपेत मध्येच उठून बसणारं, किंचाळणारं, कुणालाच न ओळखणारं आणि सकाळी काही न आठवणारं मूल तुम्ही कुणाच्या तरी घरी पाहिलं असेल. इथेही दिसायला तसंच असतं. मूल जागं दिसतं, पण जागं नसतं.

पालकांना समजावताना मी शेतातल्या पंपाचं उदाहरण देते. पंपाला ऑटो बसवलेला असतो. वीज आली की पंप आपोआप सुरू होतो, मग शेतात माणूस असो वा नसो. भूल उतरताना मेंदूतही असंच होतं. हातपाय हलवणारा, ओरडणारा भाग आधी चालू होतो. आपण कुठे आहोत, समोर कोण आहे, हे उमगणारा भाग मागाहून पोचतो. मोठ्या माणसात हे अंतर सहसा इतकं कमी असतं की कळतही नाही. २ ते ६ वर्षांच्या मुलात ते ताणलं जाऊ शकतं, आणि त्या मधल्या १०-१५ मिनिटांत तुम्ही पाहिलंत ते घडतं. कधी अर्धा तास, क्वचित त्याहून थोडं जास्त. असं का व्हावं, याचं पूर्ण उत्तर शास्त्राकडे अजून नाही.

हे काही आज सापडलेलं नाही. १९६१ मध्ये अमेरिकेत जेम्स एकेनहॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४ हजारांहून अधिक रुग्णांच्या भुलीतून उठण्याच्या नोंदी तपासल्या. अशी खळबळ लहान मुलांत जास्त दिसते आणि टॉन्सिलसारख्या ऑपरेशननंतर जास्त दिसते, हे तेव्हाच लिहिलं गेलं. पुढे १९९०च्या दशकात सेव्होफ्लुरेन हे भुलीचं औषध वापरात आलं आणि हा विषय पुन्हा ऐरणीवर आला. सेव्होफ्लुरेन मुलांसाठी खरंच मोठी सोय आहे. वास उग्र नाही, घसा खवखवत नाही, मास्क धरला की मिनिटभरात मूल झोपतं. मी शिकत होते तेव्हा आम्ही हॅलोथेन वापरायचो. त्यात मुलं हळू उठायची, हृदयाच्या ठोक्यांवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं लागायचं. सेव्होफ्लुरेन आल्यावर ती धास्ती कमी झाली, मात्र उठताना गोंधळणारी मुलं वाढली.

पुष्कळ जण, अगदी डॉक्टरसुद्धा, म्हणतात की मूल झटकन उठतं म्हणून गोंधळतं. हे पुरेसं नाही. शिरेतून दिल्या जाणाऱ्या प्रोपोफॉलवरूनही मुलं लवकर उठतात, पण अशी बेभान क्वचितच होतात. पुष्कळदा तर हसतमुख उठतात. दुसरा समज असा की हे सगळं दुखण्यामुळे होतं. दुखणं भर घालतं हे खरं, पण एमआरआयसाठी भूल दिलेली मुलंही असंच करतात, आणि एमआरआयमध्ये दुखण्यासारखं काय असतं? अमेरिकेतल्या जोसेफ क्रॅव्हेरो यांच्या गटाने २००३ मध्ये अशाच मुलांचा अभ्यास केला. नुसत्या सेव्होफ्लुरेनवर ५६% मुलांत खळबळ दिसली. ज्यांना शेवटच्या टप्प्यात फेंटानिल या तीव्र वेदनाशामकाचा छोटा डोस दिला, त्यांच्यात ती १२% वर आली. कुठे काही कापलेलं नसताना!

किती मुलांना होतं, याचे आकडे १०% पासून ८०% पर्यंत सापडतील. प्रत्येकाने व्याख्या वेगळी धरली, हे त्याचं मोठं कारण. २००४ मध्ये टोरांटोच्या नॅन्सी सिकिच आणि जेरॉल्ड लर्मन यांनी यासाठी एक मोजपट्टी तयार केली, तिला पेड स्केल म्हणतात. त्यात पाच गोष्टी पाहतात: मूल नजरेला नजर देतं का, त्याच्या हालचालींना काही हेतू आहे का, आजूबाजूचं भान आहे का, ते किती तळमळतंय, आणि समजूत घातली तर शांत होतं का. माझ्या मते यातल्या पहिल्या तीन गोष्टी खऱ्या मोलाच्या. तळमळ आणि रडणं तर भुकेनेही असतं, भीतीनेही आणि दुखण्यानेही.

हा फरक का महत्त्वाचा, ते दोन अनुभवांतून सांगते. कोपराचं हाड मोडलेला एक मुलगा उठल्यावर सारखा किंचाळत होता. सगळे म्हणाले, डेलिरियम आहे, थांबेल. मलाही आधी तसंच वाटलं. पण तो माझ्याकडे बघत होता आणि दुसऱ्या हाताने प्लास्टरच ओरबाडत होता. म्हणजे हालचालीला हेतू होता. सर्जनना बोलावून प्लास्टर उभं कापून सैल केलं, आणि पाच मिनिटांत तो हुंदके देत गप्प झाला. हात सुजला होता आणि प्लास्टर आवळत होतं. आपण त्याला गुंगीचं इंजेक्शन देऊन निजवलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

दुसरी एक बंजारा तांड्यावरची ५ वर्षांची मुलगी. आमच्या सिस्टर मायेने मराठीत समजावत होत्या आणि ती अधिकच घाबरून ओरडत होती. तिच्या आजीला आत घेतलं. आजी गोरमाटीत दोन वाक्यं बोलली आणि पोर तिच्या पदरात शिरली. ती भ्रमात नव्हतीच. परक्या खोलीत, परक्या भाषेत जागी झाली होती. डेलिरियममधलं मूल आजीच्या आवाजानेही इतक्या चटकन शांत होत नाही.

म्हणून मूल असं करू लागलं की आमचं पहिलं काम असतं ते प्राणवायूची पातळी पाहणं. श्वास नीट चाललाय का, भूल देताना दिलेल्या स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा अंमल उरलाय का, रक्तातली साखर उतरलीय का, लघवी तुंबलीय का, पट्टी किंवा प्लास्टर आवळतंय का, दुखण्याचं औषध पुरेसं पोचलंय का. हे सगळं तपासून झाल्यावरच ‘डेलिरियम’ हा शब्द उच्चारायचा. माझ्या हाताखाली शिकणाऱ्या डॉक्टरांना मी हेच बजावते.

आता त्या मिनिटांत आईबापांनी काय करायचं? समजावायला जाऊ नका, प्रश्न विचारू नका, आणि कृपा करून गालावर चापट्या मारून ‘शुद्धीवर’ आणू नका. मूल ऐकण्याच्या अवस्थेतच नसतं. जितके जास्त आवाज आणि हात, तितकं ते अधिक बिथरतं. डोकं कठड्यावर आपटू नये, ते पलंगावरून पडू नये, सुई आणि जखमेची पट्टी निघू नये, एवढंच सांभाळायचं. टॉन्सिलनंतर फार जोर केला तर रक्त येण्याची भीती असते, तेवढ्यासाठी आम्ही कधी कधी प्रोपोफॉलचा किंवा फेंटानिलचा लहानसा डोस देऊन मुलाला पुन्हा दहा मिनिटं झोपवतो. दुसऱ्यांदा उठतं तेव्हा बहुतेक वेळा वेगळंच मूल समोर असतं. आमच्याकडे एक ज्येष्ठ सिस्टर होत्या. असं मूल आलं की त्या आधी मोठे दिवे मालवायच्या, मग मॉनिटरचा आवाज कमी करायच्या, आणि आईला म्हणायच्या, "नुसत्या बसा, पाठीवर हात ठेवा, बोलू नका." मी कितीतरी औषधं शिकले, पण हे त्यांच्याकडून शिकले.

तुम्हाला ढकललं याचं दुःख तुमच्या अक्षराअक्षरांत दिसतंय. त्याने तुम्हाला ढकललं नाही, ताई. तिथे तुम्ही आहात हेच त्याला ठाऊक नव्हतं. आज त्याला विचारलंत तर त्याला बहुधा काहीही आठवणार नाही. आठवण राहते ती तुम्हाला.

मेंदूच्या काळजीबद्दल. एका छोट्या भुलीने मुलाची बुद्धी मंदावते का, याचा मोठा आणि नेटका अभ्यास झालेला आहे. जीएएस नावाच्या या अभ्यासात हर्नियाचं ऑपरेशन होणाऱ्या ७०० हून अधिक तान्ह्या बाळांचे दोन गट केले. एका गटाला सेव्होफ्लुरेनची पूर्ण भूल, दुसऱ्याला जागेपणी फक्त कमरेखालची भूल. मुलं ५ वर्षांची झाल्यावर २०१९ मध्ये निष्कर्ष आला: तासाभराच्या आतल्या एका भुलीमुळे बुद्ध्यंकात फरक पडलेला दिसला नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये सावधगिरीची सूचना दिली होती, ती ३ वर्षांखालच्या मुलांना ३ तासांहून लांब किंवा वारंवार दिल्या जाणाऱ्या भुलीबद्दल. तुमचा मुलगा ४ वर्षांचा आहे आणि ग्रोमेटचं काम काही मिनिटांचं.

मात्र पुढच्या काही दिवसांत घरी थोडे बदल दिसू शकतात. रात्री दचकून उठणं, सुटलेली अंथरूण ओलं करायची सवय परत येणं, आईला क्षणभर न सोडणं, जेवताना कुरकुर, हट्ट. ऑपरेशननंतर दोन आठवडे असं काही ना काही पुष्कळ मुलांत दिसतं आणि हळूहळू जातं. उठताना ज्यांना डेलिरियम झाला त्यांच्यात ते थोडं अधिक आढळतं. ओलं अंथरूण बदला आणि विषय संपवा, रागावू नका. पण घरी गेल्यावर मूल पुन्हा गुंगीत जाऊ लागलं, उठवून उठत नाही, सारख्या उलट्या, ताप, झटके, थुंकीत ताजं रक्त, असं काही दिसलं तर तो भुलीचा ‘उरलेला अंमल’ समजून वाट पाहू नका, तडक रुग्णालय गाठा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण यावर तुमचा हात पोचतो. ही गोष्ट मूल उठताना सुरू होत नाही, ते झोपायच्या आधी सुरू होते. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातले झीव केन यांनी मुलांची ऑपरेशनपूर्व भीती गुणांत मोजली आणि २००४ मध्ये दाखवून दिलं की भीतीचे १० गुण वाढले की उठताना डेलिरियमची शक्यता सुमारे १०% नी वाढते. म्हणजे रडत, ओढत, चार हातांनी दाबून झोपवलेलं मूल बऱ्याचदा तसंच उठतं.

हे मी केलेलं आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, एका गजबजलेल्या रुग्णालयात, यादीत १४ ऑपरेशनं असायची. साडेतीन वर्षांची एक मुलगी दाराची चौकट सोडेना. मी तिचे हात सोडवले, मास्क दाबून धरला, म्हटलं दोन मिनिटांचा प्रश्न आहे. उठल्यावर ती अर्धा तास बेभान होती, आणि पुढे महिनाभर पांढरा कोट दिसला की थरथरायची, असं तिच्या वडिलांनी सांगितलं. ते मला काही रागाने बोलले नाहीत, आणि त्यामुळे ते जास्तच लागलं. आज मी यादी थांबवते, पण मुलाला ओढत नेत नाही.

तुमच्या मुलाला ऑपरेशनच्या दोनेक दिवस आधी खरं सांगा. "कान दुखतो ना, तो बरा करायला जाऊया. डॉक्टर एक मास्क देतील, त्यात फुंकर मारायची, मग झोप लागेल. उठशील तेव्हा मी असेन." फक्त चॉकलेट आणायला जातोय असं सांगून फसवू नका, दारात पोचल्यावर त्याला कळतंच, आणि मग तुमच्या कुठल्याच शब्दावर त्याचा विश्वास बसत नाही. मास्कचा खेळ घरी बाहुलीशी खेळून बघा. आवडतं पांघरूण किंवा खेळणं बरोबर न्या. आत नेताना मोबाईलवर त्याचं लाडकं कार्टून लावून द्या. एरवी मी मोबाईलच्या विरोधात आहे, पण त्या पाच मिनिटांत तो औषधाइतका कामाला येतो, हे अभ्यासांतही दिसलंय. भूल देताना आईला आत घ्यावं का, हा मात्र वादाचा विषय आहे. आई शांत असेल तर फायदा, आईच रडत असेल तर मुलाची भीती दुप्पट. तुमच्या घरात ज्याचं मन घट्ट आहे त्याला पाठवा, मग तो बाबा असो की मावशी.

आणि उपाशी ठेवण्याबद्दल. आपल्याकडे "रात्री दहानंतर काही देऊ नका" असं सरसकट सांगतात आणि ऑपरेशन दुपारी दोनला होतं. कोरड्या तोंडाचं, भुकेलेलं, चिडलेलं मूल आम्ही आत घेतो. नियम असा: जेवण आणि वरचं दूध ६ तास आधी बंद, आईचं दूध ४ तास आधी, आणि साखरपाणी किंवा गाळलेल्या सफरचंदाच्या रसासारखं स्वच्छ पेय निदान २ तास आधीपर्यंत चालतं, युरोपातल्या बालभूलतज्ज्ञांच्या संघटनांनी तर २०१८ पासून ते १ तासावर आणलंय. आपल्या मुलाचा नंबर किती वाजता आहे ते विचारा, लहान मुलाला यादीत पहिलं घ्यायची विनंती करा आणि नेमकी वेळ भूलतज्ज्ञांकडूनच घ्या.

पुन्हा असं होईल का? एकदा झालं म्हणजे दर वेळी होतंच असं नाही. पण ग्रोमेटबद्दल एक गोष्ट उघड सांगते. ते इतकं छोटं काम आहे की पुष्कळदा नुसत्या मास्कवर, सेव्होफ्लुरेन देऊन, सुई न लावताच उरकतात. झटपट होतं, पण या प्रकारच्या भुलीनंतर मुलं उठताना गोंधळण्याचं प्रमाण बरंच असतं. म्हणून भूलतज्ज्ञांना आधी भेटा. ऑपरेशनच्या दिवशी ट्रॉलीजवळ उभ्याने नाही, आदल्या तपासणीतच. म्हणा, "मागच्या वेळी उठताना वीस मिनिटं भान नव्हतं, मला ओळखलं नाही, सुई काढली." बस, एवढ्यावर आम्हाला पुरेसं कळतं. ते शेवटी प्रोपोफॉलचा छोटा डोस देऊ शकतात, साधारण किलोमागे १ मिलिग्रॅम. किंवा पूर्ण भूलच शिरेतून प्रोपोफॉलवर ठेवू शकतात. किंवा डेक्समेडेटोमिडीन हे गुंगीचं औषध देऊ शकतात. त्याचे नाकात थेंब आधीच सोडले तर अर्ध्या-पाऊण तासात मूल आपसूक पेंगतं आणि कडेवरूनच आत जातं. उठायला मात्र थोडा वेळ लागतो, तेवढा धीर धरायचा. तोंडाने द्यायचं मिडाझोलाम भीती चांगली कमी करतं, पण उठतानाच्या गोंधळावर त्याचा उपयोग सगळ्या अभ्यासांत सारखा दिसलेला नाही, म्हणून मी त्या एकट्यावर विसंबत नाही. यातलं काय निवडायचं ते मुलाला समोर तपासणारा ठरवेल. ग्रोमेट, श्वासाचा त्रास, वजन, मागची भूल, सगळं बघून.

आणखी दोन गोष्टी विचारून घ्या. रिकव्हरीत मुलाजवळ सतत एक माणूस असेल का, आणि मुलगा हलू लागला की तुम्हाला लगेच आत घेतील का. तुम्ही आत असल्याने डेलिरियम टळेलच असं नाही, पण त्यातून बाहेर येताच पहिला चेहरा तुमचा दिसेल. आत गेल्यावर त्याला हलवून जागं करू नका, ज्या कुशीवर झोपवलंय तसाच राहू द्या, आपणहून उठू द्या.

मागच्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड आणि भुलीच्या नोंदीची प्रत मिळाली तर दोन्ही बरोबर न्या. कोणती औषधं दिली होती ते त्यात असतं, आणि कार्डावर डेलिरियमचा उल्लेख नसेल तर तुम्ही स्वतः एका कागदावर तारीख, वेळ, किती मिनिटं आणि काय काय झालं ते लिहून त्यालाच टाचून ठेवा.